‘सोबत आईवडील कुणी आलंय का?’
प्रौढांच्या ऑटिझम निदानाबद्दल एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. राज्य आयुक्त (दिव्यांग व्यक्ती), महाराष्ट्र राज्य
आणि मुंबईतल्या सरकारी व महापालिका रुग्णालयांच्या दिव्यांग प्रमाणपत्र मंडळांचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

मी ४४ वर्षांची आहे, मुलुंडला राहते आणि एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात रिकन्सिलिएशनचं, म्हणजे न जुळलेल्या नोंदी जुळवण्याचं, काम करते. मला ऑटिझम (स्वमग्नता) आहे असं एका मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्याकडच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी सविस्तर तपासणी करून लेखी दिलं. पुढे मी तुमच्या एका मंडळासमोर गेले, तर तिथे मला ऑटिझम नाही असं ठरलं. दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत. माझी फेरतपासणी करा, असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. रुग्णालयाचं नावही घेत नाही, कारण तिथल्या डॉक्टरांनी मला उडवून लावलं नाही. त्यांनी हातातला फॉर्म नीट भरला. तो फॉर्म भरताना त्यांच्या डोळ्यांसमोर लहान मूल होतं आणि खुर्चीत मी होते, एवढाच माझा मुद्दा आहे. पण तो सांगायला थोडी जागा लागेल.

नंबर पुकारला तेव्हा मी आत गेले. पहिला प्रश्न, ‘पेशंट कुठाय?’ मीच, म्हटलं. मग, ‘सोबत आईवडील कुणी आलंय का?’ वडील मी कॉलेजात असताना गेले, आई करोनाच्या दुसऱ्या लाटेत. माझ्या लहानपणाची साक्ष देऊ शकेल असं मुंबईत एकच माणूस उरलंय, गिरगावची मावशी. वय ७८. तिला टॅक्सीत घालून नेलं होतं. बिचारीला वाटलं, चारचौघांत भाचीची अब्रू सांभाळायची वेळ आली आहे.

‘लहानपणी बोलायला उशीर झाला होता का?’

‘छे हो! तिसऱ्या वर्षी अख्खी रामरक्षा म्हणायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आपण मध्ये थांबवलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.’

‘इतर मुलांत खेळायची?’

‘तिला कुणी लागायचंच नाही. चाळीत एवढी पोरं, पण ही आपली जिन्याखाली बसून काड्यापेटीचे छाप लावत बसायची. दुपारची दुपार. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. पण त्रास म्हणून काही नाही हो. अशी गुणी पोर मी दुसरी पाहिली नाही.’

डॉक्टर हसले, मावशीही हसली. कागदावर लिहिलं गेलं: भाषाविकास वयानुरूप, वर्तनाची तक्रार नाही.

मावशी खोटं बोलली नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने दोन वाक्यांत देऊन टाकलं होतं, फक्त ते कौतुकाच्या सुरात आलं. आमच्या पिढीतल्या मुलींचं लहानपण असंच सांगितलं जातं. मुलगा जिन्याखाली बसला असता तर निदान कुणीतरी ‘याला मित्र का नाहीत’ म्हणून विचारलं असतं. मुलगी बसली तर ती शहाणी, घरातली, वळण असलेली. मोठी झाल्यावर त्याच मुलीला घुमी, शिष्ट, माणूसघाणी म्हणतात. मला सासरी हे सगळं म्हणून झालंय.

मंडळाने मला जी मापपट्टी लावली ती तुम्हाला ठाऊक आहेच, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून सांगते. तिचं नाव इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम, बोलताना ‘इसा’. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत ती तयार झाली. एकूण ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली राहिली की ऑटिझम नाही. मुद्द्यांमध्ये नजरेला नजर न देणं आहे, एकट्याने तेच तेच खेळ खेळणं आहे, आलेली वाचा पुन्हा जाणं आहे, आदळआपट आहे.

नजरेचंच घ्या. बाईशी बोलताना मी तिच्या टिकलीकडे बघते आणि पुरुषाशी बोलताना चष्म्याच्या नाकावरच्या दांडीकडे. ‘बोलताना तोंडाकडे बघत जा’ म्हणून एका बाईंनी आठवीत वर्गाबाहेर उभं केलं, त्यानंतर मी हे शिकले. आता ते इतकं बेमालूम जमतं की मंडळातल्या डॉक्टरांनी त्या रकान्यात सर्वांत कमी गुण टाकला. त्यांना चष्मा होता.

आदळआपट मी करत नाही. बँकेत नोकरी करणारी बाई आदळआपट करत नाही. मी दादरच्या पुलावर, गर्दीच्या वेळी, भिंतीकडे तोंड करून उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं फोनवर बोलतेय. आवाज, घाम, अत्तर, गजरे, घोषणा हे सगळं एकमेकांत कालवलेलं असतं. त्यातून एक एक वेगळं होईपर्यंत मला पाय उचलता येत नाही. मग पुढची गाडी पकडून कामावर जाते, लेट मार्क लागतो. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मला विचारलंही गेलं नाही, कारण प्रश्न मावशीला होते.

मापपट्टी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझमचं नावच नव्हतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, प्रकार २१ झाले, तेव्हा ऑटिझम त्यात आला. मुलांना त्याच नावाने प्रमाणपत्र मिळण्यासाठी काहीतरी मोजमाप हवंच होतं आणि ‘इसा’ने ते काम केलं. पण जगभर निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकी मार्गदर्शक ग्रंथात, म्हणजे २०१३ पासून, स्पष्ट लिहिलेलं आहे की लक्षणं लहानपणापासूनच असतात, तरी ती पूर्णपणे उघडी पडायला माणसाच्या आवाक्याबाहेरच्या सामाजिक अपेक्षा समोर याव्या लागतात, आणि पुढच्या आयुष्यात शिकलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जाऊ शकतात. टिकलीकडे बघणं ही तसली युक्ती. प्रौढाची तपासणी करायची म्हणजे या युक्त्या शोधायच्या. त्याला वेळ लागतो. खासगीत माझी तपासणी तीन-चार बैठकांत झाली आणि फी निम्म्या पगाराएवढी गेली. त्या सायकॉलॉजिस्टनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली. आईने ती सगळी जपून ठेवली होती. जवळजवळ प्रत्येक वर्षीचा शेरा एकच, अक्षर तेवढं वेगळं: ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही.’ तुमच्या मंडळासमोरही मी ती नेली होती. पिशवीतून बाहेर काढायची वेळ आली नाही.

‘मोठ्या माणसांना ऑटिझम असतो?’ हा प्रश्न मला डॉक्टरांनीसुद्धा विचारलाय. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली ज्या ११ मुलांवर निबंध लिहिला त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात तो मोठा झाला, तिथल्याच बँकेत आयुष्यभर नोकरी केली, गोल्फ खेळला, देश फिरला आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी गेला. म्हणजे निदान झालेला पहिला ऑटिस्टिक मुलगा बँकेत चिकटला आणि म्हातारा झाला! मला हे वाचून किती आनंद झाला ते सांगता येत नाही. बँकेत कसा रमला असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको. दोन बाजू जुळल्याच पाहिजेत असं जिथे सगळेच मानतात, अशी जागा जगात फारशी नाही.

आपल्याकडे मात्र सगळी व्यवस्था १८ व्या वर्षी थांबते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी होते, शाळा-अंगणवाडीत पथकं जातात, जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. चांगलं आहे, आणखी व्हावं. पण २०१३ साली मी तिशी ओलांडली होती. माझ्या वयाच्या कुणालाही शाळेत ऑटिझमसाठी कुणी तपासलेलं नाही, तेव्हा तसं काही नव्हतंच. आम्ही सगळे या गाळणीच्या आधीच खाली पडलेलो. आज मुंबईत मुलाला शंका असेल तर कुठे जायचं हे बालवाडीच्या बाईसुद्धा सांगतात. पण चाळिशीच्या माणसाने कुठे जायचं? सरकारी रुग्णालयात बालरोग विभागाकडे बोट दाखवतात. मी त्या बाकावर बसले आहे. शेजारच्या आईने विचारलं, ‘तुमचं मूल कुठे आहे?’

या वयात निदान घेऊन करायचंय काय, असं नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. निदानाआधी माझ्यावर दहाएक वर्षं नैराश्याचे आणि चिंतेचे उपचार झाले. गोळ्या बदलल्या, डोस वाढवले. गोळ्यांनी झोप यायची, पण ट्यूबलाइटची घूं घूं थांबायची नाही. आता त्यांतली एकच गोळी उरली आहे. आता मला कळतं, की लग्नकार्याला गेले तर दुसरा दिवस मोकळा ठेवायचा. नवरा आधी चिडायचा, आता तोच वऱ्हाडाच्या बसची चौकशी करताना ‘मागे बसायला मिळेल का’ विचारतो. निदानाने बरी झाले नाही, बरं व्हायचं असं यात काही नसतंच. औषधं तेवढी कमी झाली आणि घरातली भांडणं अर्ध्यावर आली.

याच्याबरोबर दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, ‘अहो, थोडेथोडे ऑटिस्टिक आपण सगळेच असतो’ असं म्हणणारे लोक. त्यांना सांत्वन करायचं असतं, पण तसं नाही. गर्दीचा कंटाळा सगळ्यांना येतो. दादरला उतरता न आल्यामुळे सीएसएमटीपर्यंत जाऊन परत येणं सगळ्यांना करावं लागत नाही. दुसरी गोष्ट, फोनवर रील बघून स्वतःच स्वतःचं निदान करणारी तरुण मुलं. त्यांच्यावर डॉक्टर मंडळी चिडतात. मीही आधी चिडायचे. पण परवडणारी, मराठीत बोलणारी, लेखी निष्कर्ष देणारी एक जागा तुम्ही दाखवत नाही तोवर त्यांनी करायचं काय? त्यांतल्या काहींना ऑटिझम नसेल. तेही कुणीतरी तपासूनच सांगायला हवं.

आणि एका भीतीबद्दल बोलते, कारण ती खरी आहे. ज्यांच्या मुलांना बोलता येत नाही, एकटं सोडता येत नाही, अशा आयांना वाटतं की आमच्यासारखे बोलके, नोकरदार लोक रांगेत आले तर त्यांच्या मुलांच्या वाट्याचं जाईल. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांपैकी फक्त १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून आहे. त्यात आणखी वाटेकरी कुणाला हवे असतील? बायांनो, मला तो टक्का नको. निवृत्तिवेतन नको, लोकलच्या राखीव डब्यातली जागा नको. मला भिंतीला लागून एक टेबल हवं आहे.

टेबलाची गोष्ट अशी. आमचं कार्यालय फोर्टात होतं. जुनी दगडी इमारत, उंच छत, माझं टेबल दोन लोखंडी कपाटांच्या मागे. तिथे बसून मी शाखांच्या न जुळलेल्या नोंदी जुळवायचे. एटीएमच्या, यूपीआयच्या, चुकून दोनदा पडलेल्या. सत्तावीस पैशांचा फरक सापडेपर्यंत मला उठवायचं नाही, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. मग कार्यालय अंधेरीला हलवलं. एकच मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, जो आधी येईल तो हवी तिथे बसेल. रोज नवी खुर्ची, नवा शेजारी, डोक्यावर एसीचा झोत, बाजूला वसुली खातं फोनवर ओरडत असतं. शिवाय आता मुलुंडहून दादरला गाडी बदलावी लागते. (डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना सलग १ ते १४ क्रमांक दिले, तेव्हा सगळी मुंबई कुरकुरत होती. एकाच स्टेशनात एकाच क्रमांकाचे दोन-दोन फलाट असणं हा मला कायमचा छळ होता. ज्याने कुणी तो निर्णय घेतला त्याला माझा नमस्कार.) वर्षभरात माझ्या सगळ्या रजा संपल्या. दुपारचा डबा मी स्टेशनरीच्या खोलीत, लेजरच्या गठ्ठ्यांवर बसून खायला लागले.

निदान झाल्यावर मी मनुष्यबळ विभागाला अर्ज दिला: ठरलेली जागा, कोपऱ्यातली, आणि कानावर आवाज अडवणारा हेडफोन लावायची परवानगी. सोबत तज्ज्ञांचा अहवाल. उत्तर आलं की खासगी अहवाल चालत नाही, यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, आणा. कार्डासाठी मंडळ, मंडळात मावशी, मावशीनंतर ७० च्या खालची बेरीज. कार्ड नाही म्हणून टेबल नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण माझ्या मते कायदा माझ्या बाजूने आहे आणि तो राबवणं तुमच्या हातात आहे. २०१६ च्या कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ वेगळी आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ वेगळी. ४० टक्क्यांची अट दुसरीला आहे, आरक्षणासारख्या गोष्टींसाठी. पहिलीच्या व्याख्येत टक्केवारी नाही. वाजवी सोय, म्हणजे टेबल, हेडफोन, तोंडी सूचनेऐवजी लेखी सूचना असल्या गोष्टी, त्या पहिलीच्या हक्काच्या आहेत. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. न्यायालयाने ती अट लेखनिकासाठी लावता येणार नाही असं ठरवलं. लेखनिकाला जी अट लागत नाही ती टेबलाला का लागावी?

पुढे, कलम २१. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत मुख्य आयुक्तांकडे किंवा राज्य आयुक्तांकडे नोंदवायची. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात कोणत्या सोयी देणार हेही लिहायचं. म्हणजे, आयुक्त महोदय, ही धोरणं आपल्या दफ्तरी असायला हवीत. मुंबईतल्या किती बँकांची, विमा कंपन्यांची, सॉफ्टवेअर कंपन्यांची आली आहेत, ते एकदा बघून जाहीर करा. ज्यांची आली नाहीत त्यांना नोटीस पाठवा, तेवढे अधिकार कायद्याने आपल्याला आहेत. आणि एक परिपत्रक काढा, एका पानाचं पुरे: पैसा, पद किंवा आरक्षण यांचा संबंध नसलेल्या साध्या सोयींसाठी नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं लेखी निदान पुरेसं धरावं. खोटी प्रमाणपत्रं आणून लोक कोपऱ्यातली टेबलं लाटतील, अशी भीती कुणाला वाटत असेल तर वाटू द्या.

विभागाकडे एक मागणं. मुंबईतल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेच. तिथे महिन्यातला एक ठरलेला दिवस प्रौढांच्या ऑटिझम तपासणीसाठी ठेवा. नवी इमारत नको, उद्घाटन नको. एक दार बंद होणारी खोली आणि प्रौढांची तपासणी शिकलेला एक माणूस बसवा. प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारा. सोबत येणारं कुणी नसेल तर जुनी प्रगतिपुस्तकं, भावंडाचं किंवा जोडीदाराचं म्हणणं, चाळीतल्या शेजाऱ्याचं पत्र, जे असेल ते बघा. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाचे आईवडील हयात असतीलच असं धरून नियम करता येत नाही. शक्य असेल तर वेळ आधी ठरवून द्या, कारण गच्च भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात चार तास उभं राहिल्यावर आमच्यातले निम्मे लोक नंबर यायच्या आधीच घरी जातात, आणि मग आकडेवारीत दिसतं की प्रौढ येतच नाहीत.

आणि मंडळाच्या सदस्यांना, व्यक्तिशः. ‘तुम्ही तर छान बोलताय, नोकरी करताय, मग?’ हे तुम्ही धीर द्यायला म्हणता. पण नोकरी करते आहे हे ऑटिझम नसल्याचा पुरावा म्हणून लिहू नका. ती टिकवायला काय करावं लागतं, ते विचारा. आणि बाई असेल, पन्नाशीकडे झुकलेली, नीटनेटकी, उत्तरं पाठ केल्यासारखी देणारी, तर जरा जास्तच विचारा. म्हणावं, लग्नाच्या पंगतीतून आल्यावर काय करता? रोजच्या रस्त्यावर खोदकाम निघालं तर काय होतं? मलाही हेच विचारलं असतं तर मावशीची टॅक्सी वाचली असती.

या पत्राखाली नाव घातलेलं नाही, कारण बँकेत फक्त मनुष्यबळ विभागातल्या दोघांना माहीत आहे आणि पदोन्नतीच्या मुलाखती जवळ आल्या आहेत. तुमच्या दोन्ही कार्यालयांना याची प्रत नाव-पत्त्यासह स्पीड पोस्टाने पाठवली आहे. कृपया उत्तर लेखी द्यावं. फोन करू नये, अनोळखी नंबर मी उचलत नाही.

आपली,
मुलुंडची एक बँक कर्मचारी